अकरा नंबरची माती

“सर, ह्यातले लढाईत किती मेले?”

जामबागेतल्या त्या जुन्या शाळेच्या सभागृहात दोनशे मुलं बसली होती आणि रेणुका एकटी उभी होती. प्रश्न तिचा नव्हता. मागच्या रांगेतून योगिनी आणि प्रणिता या दोघी मैत्रिणींनी पाठीत कोपर ढोसून ढोसून तो तिच्या तोंडात घातला होता. “हिंमत है तो पूछ,” प्रणिता कुजबुजली होती, “नुसती वादविवादाची ढाल घरी नेऊन काय उपयोग?” नववीपर्यंत हजेरीला ‘येस मिस’ म्हणतानासुद्धा रेणुकाचा आवाज घशात अडकायचा. दहावीत ती ढाल काय मिळाली आणि तिची जीभ अशी सुटली, की आता घरात आई म्हणायची, बाई गं, मधे जरा श्वास तरी घे.

व्यासपीठावर निवृत्त कर्नल हिम्मतराव होते. अंबरपेठेच्या मागच्या अंगाला, नाल्याकडं उतरताना, छावणीच्या काळातली एक लहानशी दफनभूमी आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धातले सोळा शिपाई पुरलेले. एकेका मुलानं एकेका शिपायाचं आयुष्य शोधून काढायचं आणि मार्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रदर्शन भरवायचं, अशी त्यांची कल्पना. तासभर ते शौर्य आणि बलिदान यांवर बोलले होते. रेणुकाचा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“एकही नाही,” ते म्हणाले.

सभागृहात खुसखुस झाली.

“ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आजारी म्हणून परत आणलेले सगळे. इथल्या लष्करी दवाखान्यात मेले. सहा हगवणीनं, पाच मलेरियानं, चार क्षयानं. एकानं कमरेच्या पट्ट्यानं फास घेतला. नाव काय तुझं?”

“रेणुका.”

“बसू नकोस, रेणुका. पुढं ये. पहिली चिठ्ठी तूच उचल.”

चिठ्ठीत अकरा नंबर निघाला.

अकरा नंबरची सगळी मिळकत म्हणजे जुन्या नोंदवहीतली एक ओळ. कर्नलसाहेबांनी तिची झेरॉक्स दिली. शिपाई तात्या भिवा. वय बावीस. जात महार. गाव डोंगरसावळी, निजामाचं राज्य. वारस बायको गंगू. दवाखान्यात एकोणीस दिवस. मृत्यू फेब्रुवारी १९४५, हगवण. पुरले.

रेणुकाचे वडील धम्मानंद आबिड्सच्या एका कचेरीत कारकून. संध्याकाळी पायातले बूट न काढता त्यांनी तो कागद दोनदा वाचला. “हा तर आपल्यातला,” ते म्हणाले. “डोंगरसावळी मुखेडकडं. आपल्या आजोबांच्या गावापासून चार कोसांवर.” आणि त्यांनी तो कागद समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, जिथं एरवी लग्नपत्रिका आणि सुप्रभातची फुलं यायची.

तिसऱ्या दिवशी आवाजी निरोप आला.

“जय भीम ताई. मी संदेश बोलायलोय, डोंगरसावळीहून. तात्या भिवा म्हंजे माझ्या आजीचे वडील. आजी हाय अजून. ती म्हनायली, त्या पोरीला विचार, माझा बाप तिला कुठं सापडला?”

रेणुकानं तो निरोप मैत्रिणींना इतक्या वेळा ऐकवला की योगिनीला तो पाठ झाला. बाकीच्यांना अजून आपापल्या शिपायाचं गाव नकाशात लागत नव्हतं, आणि हिच्या शिपायाची लेक जिवंत! वर्गात ती दोन इंच उंच होऊन चालायची. शोधपत्रकार व्हायचं की वकील, एवढाच काय तो तिच्यापुढं प्रश्न उरला होता.

जानेवारीत मनकर्णाआजी आल्या. काचीगुडा स्टेशनवर संदेशनं त्यांना जवळजवळ उचलूनच डब्यातून उतरवलं. ब्याऐंशी वर्षांचं वाळकं शरीर, निळ्या काठाचं पांढरं लुगडं, आणि काखेत एक दुमडलेलं नवं फडकं. घरी आल्यावर खुर्ची दिली तर खाली फरशीवरच बसल्या. चहा बशीत ओतून प्याल्या आणि मग रेणुकाचा हात धरून म्हणाल्या, “तूच का गं ती?”

“हो आजी.”

“हे बघ. आमच्या मसनवट्यात घरघराची रांग असती. आज्जा, त्याच्या बाजूला बाप, त्याच्या बाजूला लेक. माझ्या आज्जीनं माझ्या बापाची जागा सोडलेली. मधीच एक मानसाची जागा रिकामी, आन् पलीकडं मंग माझा चुलता. ऐंशी वरसं झाली. लोक म्हनले, भरून टाका. मी भरू देले न्हाई. बाप येईल म्हनून न्हवं. आला न्हाई, हे दिसाया पायजे म्हनून.”

फडकं कशासाठी होतं ते आता कळलं. त्या माती न्यायला आल्या होत्या.

“गोळी कुठं लागली होती?” आजींनी विचारलं. “छातीत का डोक्यात?”

रेणुकानं वडिलांकडं पाहिलं. धम्मानंदांनी बारीकशी मान हलवली, नको म्हणून. पण तिची जीभ आताशा कुणाची मान बघून थांबायची नाही.

“गोळी नाही लागली, आजी. हगवण झाली होती.”

आई, त्रिवेणी, स्वयंपाकघराच्या दारात होती तिथंच थबकली. आजींनी मांडीवरच्या फडक्याची घडी सारखी केली.

“किती दीस?”

“एकोणीस. दवाखान्यात.”

“पानी पाजाया कुनी हुतं?”

“ते माहीत नाही.”

“हां,” आजी म्हणाल्या. “गावात समदे सांगतेत, छातीत गोळी लागली आन् जयजयकार करत पडला. कोन बघाय गेलतं? मी ल्हान असताना मायला विचारायचे, लई दुखलं आसंल का गं त्याला? माय म्हनायची, गोळीनं न्हाई दुखत, पटकन जातो मानूस. म्हंजे दुखलं म्हनायचं. एकोनीस दीस दुखलं.”

त्या रडल्या नाहीत. रेणुकाच्या हाताची पकड मात्र सोडली नाही.

दफनभूमीचं फाटक बबलू भाईनं उघडलं. पन्नाशी ओलांडलेला रखवालदार. त्याचा बापही तिथंच रखवालदार होता, आणि फाटकाशेजारच्या खोलीतच बबलू भाईचा जन्म. आत हिरवळ, आणि हिरवळीवर सोळा पांढरे दगड, दोरी लावून मांडल्यासारखे सरळ. पलीकडच्या भिंतीला लागून लग्नांचा एक मोठा फंक्शन हॉल. दिवसाढवळ्यासुद्धा तिथं लाउडस्पीकरची तपासणी चाललेली. हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.

अकरा नंबरच्या दगडापाशी आजी बसल्या. दोन्ही हातांनी दगड चाचपला, वरून खाली, जसं आजारी माणसाचं अंग चाचपावं.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “मी मनी. तू गेलास तवा रांगत हुते म्हनं. आता तुझ्याहून साठ वरसांनी थोरली झाले बघ.”

कर्नलसाहेबांनी तोंड फिरवलं. प्रणिता मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, तिनंही हात खाली केला.

“हितंच हाय न्हवं गं?” आजींनी विचारलं.

“इथंच, आजी. अकरा नंबर.”

“आजूक येकदा सांग.”

“इथंच आहेत.”

आजींनी दगडाच्या पायथ्याशी कपाळ टेकवलं. बबलू भाईनं खुरप्यानं गवत बाजूला केलं, वीतभर खणलं आणि मूठमूठ माती फडक्यात टाकली. एरवी पोरांशी सतत थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तर तो उठून नळाकडंच गेला.

आठवड्यानं संदेशचा व्हिडिओ आला. डोंगरसावळीच्या मसणवट्यात त्या रिकाम्या जागेत खड्डा केलेला, गाव उभं राहून वंदना म्हणतंय, आणि आजी फडक्याची गाठ सोडतायत. गाठ सुटेना. कुणी मदतीला वाकलं तर त्याला ढकलून दातांनी सोडवली. माती आत गेली, वरून खड्डा बुजवला, आणि ऐंशी वर्षं उघडी असलेली जागा भरली.

कर्नलसाहेब म्हणाले, प्रदर्शनाचं उद्घाटन रेणुकाच्या भाषणानं होईल. रेणुकानं भाषण दोन दिवसांत लिहून काढलं.

फलकासाठी नकाशा हवा होता. सोळा कबरी, कोणती कुठं. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर जुना आराखडा होता. त्यात विहिरीपासून प्रत्येक कबरीचं अंतर फुटांत लिहिलेलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रेणुका आणि योगिनी शिंप्याची टेप घेऊन गेल्या. विहीर सापडेना. मग योगिनी भिंतीवर चढली. “अगं, ही काय! हॉलवाल्यांच्या आवारात आहे. वर फरशी टाकलीय.”

विहीर तिकडं, तर भिंतीच्या या बाजूनं अंतर धरून बघू म्हणून दोघी मोजत बसल्या. सात ते सोळा नंबरच्या कबरी नकाशाप्रमाणं हिरवळीवर नीट बसत नव्हत्या. अकरा नंबर तर भिंतीच्या पलीकडं नऊ फूट जात होता. रेणुकानं पुन्हा मोजलं. टेप ताणून धरून तिसऱ्यांदा मोजलं. तिला वाटलं, आराखडाच चुकला असेल.

“बबलू भाई, ये विहीर का नाप गलत है क्या?”

बबलू भाई पाइपानं पाणी मारत होता. त्यानं नळ बंद केला.

“तेरेकू कौन बोला नापने कू?”

“फलक बनाना है ना.”

तो हिरवळीवर उकिडवा बसला. गवताची पाती उपटत राहिला. मग बोलला ते जमिनीकडं बघूनच. तीस वर्षांपूर्वी पलीकडची जागा विकली गेली आणि भिंत बांधायला माणसं आली. भिंत हद्दीच्या रेषेवर बांधायची होती, ती आत सरकली. दहा कबरी पलीकडं गेल्या. बापानं आरडाओरडा केला तर सायबांचे कागद दाखवले त्याला. तेव्हा बाप-लेकांनी एवढंच केलं, की फोडून टाकायच्या आत सगळे दगड उचलून या बाजूला आणले.

“इधर लगा दिए, लाइन में. अब्बा बोले, चलो, पत्थर तो बच गए.”

“और नीचे जो लोग थे?”

“नीचे वाले नीचे इच हैं.”

योगिनी रेणुकाकडं बघत होती. रेणुकाच्या तोंडून शब्द यायला वेळ लागला. गेल्या वर्षभरात असं पहिल्यांदाच झालं.

“आजी आल्या होत्या... तुम क्यों नहीं बोले?”

“क्या बोलतूँ मैं?” बबलू भाईचा आवाज चिरकला. “बुढ़िया सर टेक के बैठी थी, बच्ची. अम्मा, खाली घास पे रो रहे तुम, ऐसा बोलूँ?”

मग त्यानंच त्यांना हॉलच्या मागच्या दारानं आत नेलं. त्या दिवशी लग्न नव्हतं. विहिरीवरच्या फरशीपासून मोजत मोजत रेणुका जिथं पोचली, तिथं बिर्याणीच्या देगा, ती मोठमोठी पातेली, घासायची जागा होती. उताराचा सिमेंटचा ओटा, त्याच्या कडेनं गटार, गटारात भाताची शितं, हाडं, लिंबाच्या फोडी, आणि सगळ्यावर थिजलेल्या तुपाचा पांढरा थर. एक कुत्रं हाड चावत बसलेलं. याच हॉलमध्ये दोन वर्षांपूर्वी समाजातल्या एका लग्नात ती जेवली होती. दोनदा वाढून घेतलं होतं. देगा तेव्हाही इथंच घासल्या असतील.

ती गटाराच्या कडेलाच ओकली. योगिनी तिची वेणी धरून उभी राहिली.

कर्नलसाहेबांना तिनं फोन केला तेव्हा त्यांनी मोजमापं दोनदा विचारून लिहून घेतली. मग म्हणाले, “मी वर लिहितो. आजच लिहितो. प्रदर्शनात ही गोष्ट कशी मांडायची तेही बघू. पण रेणुका, त्या बाईंना कळवू नकोस. त्यांचं काम झालंय.”

तिलाही ते पटलं. खरंच पटलं. चार दिवस तिनं स्वतःला तेच समजावलं. शाळेत प्रणिता म्हणाली, “इतनी चुप क्यों है रे? नजर लागली काय तुझ्या तोंडाला?” रेणुका हसलीसुद्धा.

पाचव्या दिवशी संदेशचा फोन आला.

“ताई, आजीनं जेवन सोडलंय. डॉक्टर म्हनले, घरी न्या. आठ-दहा दीस, फार तर.” मागं कुणीतरी खोकत होतं. “पन ती खुशीत हाय. परवा खाटेवर घालून मसनवट्यात न्याया लावलं. बापाच्या डाव्या अंगाला स्वतःची जागा आखून घेतली. चुन्यानं रेघा मारून घेतल्या, समोर बसून. म्हनली, ल्हानपनी त्याच्या कडंवर बसाया मिळालं न्हाई, आता शेजारी तरी निजते. तुमची लई आठवन काढती ताई. थांबा, देतो.”

फोनमध्ये श्वास ऐकू आला. खरखरीत, लांब.

“पोरी,” आजी म्हणाल्या, “चालले बरं का मी. बापाकडं.”

रेणुकानं तोंड उघडलं. चुन्याच्या रेघा तिच्या डोळ्यांपुढं आल्या, आणि त्यांच्या शेजारी भरलेली ती जागा, ज्यात हिरवळीखालची चार मुठी माती होती, दुसरं काही नाही.

“हो आजी,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच आवाजाची तिला शिसारी आली. जानेवारीत तिनं सांगितलं ते चुकलं होतं, पण खोटं नव्हतं. आजचं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट बबलू भाईकडं गेली. काय हवंय ते सांगितलं. तो उठला. पहार घेतली आणि तिच्या पुढं चालू लागला. ओट्याचं सिमेंट गटाराच्या कडेला फुगलेलं होतं. तिथून त्यानं ते उचकटलं. खाली काळी, चिकट माती. हॉलचा पहारेकरी धावत आला तेव्हा बबलू भाई त्याच्यावर इतक्या मोठ्यांदा ओरडला की तो मागं सरला. तीस वर्षांचं ओरडणं होतं ते. हात-दीड हात खाली गेल्यावर मातीचा रंग बदलला, तांबूस झाला, पण वास गेला नाही. रेणुकानं हातानंच ती माती स्टीलच्या डब्यात भरली. हाड वगैरे काही लागलं नाही. लागलं असतं तर ते देगेतलं की कुणाचं, हे तिला कळलंही नसतं.

सकाळी आईनं शाळेचा डबा म्हणून चुकून तोच उघडला.

“अगं बाई! हे काय सडवलंस यात?”

धम्मानंद कचेरीला निघाले होते. वासानं तेही स्वयंपाकघरात आले. रेणुका गणवेशात, एका वेणीला रिबीन बांधून, दुसरी मोकळी, तशीच उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. भिंत, दगड, देगा, फोन. सांगताना तिचा आवाज भाषणासारखा अजिबात नव्हता.

त्रिवेणीनं डब्याचं झाकण लावलं. पण डबा बाजूला सारला नाही. हात त्याच्यावरच ठेवला.

“आता सांगणार तू तिला? मरताना?” ती म्हणाली. “ऐंशी वर्षांनी बाप मिळालाय त्या बाईला, महिना झाला जेमतेम. तो काढून घेणार तिच्याकडून? आणि बदल्यात काय देणार, हे? खरकटं?”

“खरकट्याखालचं.”

“जिभेला आवर घाल गं!”

धम्मानंद खुर्चीवर बसले. “बाळ, गावानं वंदना घेतलीय त्या मातीवर. मान दिलाय. अखेर माती मातीच असते. इथली काय, तिथली काय.”

“मग त्यांनी त्यांच्याच शेतातली घातली असती की बाबा. इथवर कशाला आल्या असत्या?”

धम्मानंदांनी कचेरीची पिशवी खाली ठेवली.

“तुझं काय जातं गप्प बसायला?” त्रिवेणीचा आवाज आता खाली आला होता. “आठ दिवस. फक्त आठ दिवस गप्प बस. ती सुखानं जाईल.”

“आणि मग पुरतील ना तिला. कुणाच्या शेजारी?”

“तिला कुठं कळणार आहे!”

“मला कळणार आहे.”

“म्हणजे तुझ्यासाठी सांगणार तू. स्वतःचा जीव हलका करायला.”

हे लागलं. रेणुकाचे डोळे भरून आले, कारण आईचं अर्धं खरं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. रात्रभर हेच तिनं उलटसुलट करून पाहिलं होतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, रोजचा, शाळेचा. तिनं खिडकीतून हात हलवून त्याला जायला सांगितलं आणि नाक पुसलं.

“असेल माझ्यासाठी,” ती म्हणाली. “पण तिनं दोनदा विचारलं होतं, आई. एकदा नाही. मी दोनदा ‘इथंच’ म्हटलं. परवा तिसऱ्यांदा हो म्हटलं, तेव्हा मला माहीत होतं.”

“शाप देईल ती तुला,” धम्मानंद हळूच म्हणाले.

“देऊ दे.”

तिनं आईच्या हाताखालून डबा काढून घेतला. त्रिवेणीनं क्षणभर तो धरून ठेवला, मग सोडला.

“मी आज शाळेत जात नाही,” रेणुका म्हणाली. “दुपारच्या गाडीनं डोंगरसावळीला जाते. आधी तोंडानं सांगणार, की आजी, मी तुम्हाला चुकीच्या जागी नेलं, तुमचे वडील दगडाखाली नव्हते, लोक भांडी घासतात तिथं होते, आणि कळल्यावरही मी गप्प बसले. नीट मोजलंय, तरी दोन फूट इकडंतिकडं असेल, तेही सांगणार. डबा त्याच्यानंतर. तिनं घेतला तर घेतला. नाही घेतला तर परत आणीन. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. मी जाणार आहे.”